टोपल्याखालचं पीठ

मी घरून निघाले त्या सकाळी माझी आई फाटकापर्यंतसुद्धा आली नाही. मोठ्या बाबांची मोटारसायकल रस्त्यावर सुरू करून ठेवलेली, माझी बॅग टाकीवर आडवी टाकलेली, मोठ्या आईनं दिलेला चिवड्याचा डबा माझ्या हातात. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठी आई त्यांची बायको. त्यांचं घर आमच्याच आवारात, मधे फक्त एक मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड. आमगावहून लोकल पकडायची, गोंदियाला उतरायचं, तिथून पुण्याची गाडी. मोठे बाबा हॉर्नवर हॉर्न मारत होते, जसं काही गाडी त्यांचीच सुटणार आहे. मी छपरीत, म्हणजे आमच्या ओसरीत, आईच्या पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग मान वळवली आणि भिंतीशी टेकलेल्या खाटेकडे बघून म्हणाली, "अजी, आयकता का? पोरगी चालली."

खाट रिकामी होती. बाबांना जाऊन वर्ष व्हायला आलं होतं.

मी उठता उठता तिथेच थबकले. आई खाटेशी बोलली म्हणून नव्हे, ते तर ती रोजच बोलायची आणि आम्हाला सवय झाली होती. पण तेव्हा महिनाही झाला नव्हता, याच बाईनं मला चिखलात उभं राहून सांगितलं होतं की तुझा बाप गेला, कधीचाच गेला, आता घरात नाही. तिच्या त्या एका शब्दावर मी दाखला काढला होता आणि बॅग भरली होती. आणि आता निघायच्या घडीला ती त्यांनाच हाक मारत होती! मग खरी आई कोणती, चिखलातली की छपरीतली? विचारलं असतं तर मी गेले नसते, हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून मी तोंड दाबून मोटारसायकलवर बसले. पुणं येईपर्यंत मी चिवड्याच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

हे मी लिहितेय ते माझ्या गावच्या पोरींसाठी. ज्या तिथेच राहिल्या त्यांच्यासाठी, आणि ज्या माझ्यासारख्या निघून आल्या आणि आता ऑफिसच्या कॅबमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपतात त्यांच्यासाठीही. तुम्ही म्हणाल, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गेली, त्याचं काय एवढं पुराण! असू दे पुराण. ऐका.

आमचं गाव आमगाव आणि सालेकसाच्या मधे. गाव कसलं, टोलाच, चार घरांची वस्ती. पण तलाव असा की दोन गावांचे धान त्यावर पिकतात. आमच्याच पूर्वजांनी बांधलेला, हे आमच्या घरी जन्मलेल्या प्रत्येक पोराला चालायच्या आधी ऐकवलं जातं. माझे बाबा त्या तलावाचे पाणकर होते. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी पाणी सोडायचं ते ठरवणारा माणूस तो पाणकर. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायचं जुनं तोंड असतं, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. त्याला वरपासून खालपर्यंत लाकडी बुचं. वरचं पाणी उतरलं की खालचं बूच काढायचं, म्हणजे छातीभर पाण्यात उतरून, श्वास कोंडून, हातानं चाचपून काढायचं. ते काम बाबा करायचे. बांधीवरून दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले तरी बाबा पाळीवरून ओरडायचे, "पानी कोनाच्या बापाचं नाई गा! पयले खालच्याचं भरल, मंग तुमचं." आणि भांडण तिथेच संपायचं. मी त्यांच्यावर गेलेय असं सगळे म्हणतात. आवाज आणि डोकं, दोन्ही गरम.

आश्विन महिना होता, धान गर्भात होते. बाबा शेवटचं पाणी सोडून घरी आले, ओल्या कपड्यांनीच छपरीतल्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "चाय मांड." चहा उकळेपर्यंत सगळं संपलं होतं. मी तेव्हा गोंदियाच्या कॉलेजात होते, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. मला फोन आला तो मोठ्या आईचा, आणि ती फोनवर नुसती श्वास घेत होती. तो चहा भांड्यात तसाच काळा पडला होता, मी आल्यावर पाहिला.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. पुण्यात ही सांगितली की लोक माझ्याकडे डोळे मोठे करून बघतात, म्हणून मी सांगणं सोडलं. माणूस जिथे गेला ती जागा सारवून घ्यायची, तिथे तांदळाचं पीठ चाळून पातळ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा आणि पिठावर टोपलं पालथं घालायचं. सकाळी घरची जाणती बाई टोपलं उचलते. पिठावर जे उमटलं असेल त्यावरून कळतं, गेलेला जीव कशात गेला. पाखराचा पाय असेल तर पाखरू झाला, मुंगीची रेघ असेल तर मुंगी, माणसाचं पाऊल असेल तर पुन्हा माणूस. ठसा दाराकडे तोंड करून असला तर सगळे सुटकेचा श्वास सोडतात. गेला बाप्पा, वाटेला लागला. मग तेरवीचा स्वयंपाक मोकळ्या मनानं होतो.

बाबांच्या वेळी मोठ्या आईनं पीठ पसरलं. आईनं त्याला हात लावायचा नव्हता, तशीच रीत. सकाळी आम्ही सगळे छपरीत जमलो. मी बघणार नव्हते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी आदल्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं. पण टोपलं उचललं तेव्हा सगळ्यांत पुढे मीच होते. पीठ कोरं होतं. उंदराचा नाही, मुंगीचा नाही, कसलाच ठसा नाही. मोठी आई वाकून वाकून बघत राहिली. "काईच नाई वं बाई," ती म्हणाली. बायकांत कुजबुज सुरू झाली. मी आईकडे बघितलं. ती खांबाशी उभी होती, डोळे कोरडे, पदराच्या टोकाला पांढरं काहीतरी लागलेलं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "थो गेलाच नाई."

त्या दिवसापासून आमच्या घरात न गेलेला माणूस राहू लागला. खाट कोणी उचलली नाही. खाटेखाली पाण्याचा पितळी गडू रोज भरून ठेवला जायचा. आई भाजी चिरताना त्यांना सांगायची की भेंडी जून निघाली, धान झोडताना सांगायची की यंदा पोचट जास्त आहे. मला राग यायचा. मग राग जायचा आणि भीती वाटायची. मग तीही गेली आणि एक दिवस मी स्वतः छपरीतून जाताना खाटेला पाय लागला म्हणून पटकन नमस्कार केला. घरात भूत असलं तर माणूस घाबरतो ना? आमच्याकडे उलटं होतं, ते निघून जाईल याची भीती वाटायची.

पण त्यापायी आई कुठे मुक्कामाला जाईना. बिरसीला माझ्या मामाच्या मुलीचं लग्न होतं. डोक्यावरून तिथल्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांची विमानं घों घों करून जात होती, खाली मांडवात हळद चालू होती, आणि आई चार वाजताच उठली. "जातो मी. थो उपाशी रायल." मामा चिडला, मामी रडली, आई निघून आली. मोठी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "पाय बाई, थो गेल्याबिगर तुयी माय हालत नाई. आन थो त जाऊन नाई रायला."

अशात आमच्या कॉलेजात माझा विषय बंद झाला. संख्याशास्त्र. अख्ख्या वर्गात आम्ही इनमिन तीन पोरी होतो, आणि शिकवणाऱ्या मॅडम कंत्राटावर. उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावून सांगितलं की दुसऱ्या वर्षाला इथे हा विषय नाही. झूलॉजी घे आणि इथेच राहा, नाहीतर पुण्याच्या कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला ट्रान्सफर घे, तुझे मार्क आहेत, तिथे होस्टेलही आहे. "तुझ्यासारखी पोरगी बेडूक कापत बसली तर मला वाईट वाटेल," असं म्हणाल्या. मलाही वाटलं असतं. आकडे मला लहानपणापासून आवडायचे. तलावाच्या पाळीवरच्या दगडाला किती पाणी लागलंय ते बघून कोणाची बांधी भरेल, कोणाची राहील, हे मी बाबांच्या आधी सांगायची आणि बाबा मुद्दाम म्हणायचे, "चुकली." मग संध्याकाळी जेवताना गुपचूप माझ्या ताटात जास्तीचा मासा यायचा.

गावात बातमी गेली आणि थट्टा सुरू झाली. "ट्रान्सफर त मास्तरची होते बाप्पा, नाईतर फॉरेस्टवाल्याची. पोरीची कायची ट्रान्सफर? कालेजात काई कांड केलं का?" कॉलेजच्या ऑफिसातला बाबू चष्म्यावरून बघत म्हणाला, "टीसी निकालना है क्या? सोच लो बेटा, एक बार निकली तो यहाँ की सीट गई." मोठे बाबा म्हणाले जा, मोठी आई म्हणाली जाऊ नको, मग दोघं आपसात भांडली. आणि आई? आईला विचारलं तर ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "मले कायले इचारते? तुया बापाले इचार."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पण दुपारी आई शेतावर गेली, तेव्हा मी खाटेसमोर जमिनीवर बसले. संभाव्यतेचं शास्त्र शिकणारी मी, कोणी पाहिलं असतं तर! "बाबा, जाऊ का?" मी विचारलं. मुनग्यावर खार ओरडत होती. गडूतलं पाणी हललं नाही, पडदा उडाला नाही, काहीच झालं नाही. मी तिथे बराच वेळ बसले आणि मग मला कळलं की मी उत्तराची वाट बघत नाहीये. मला उठवत नव्हतं. जो माणूस मेल्यावरही आम्हाला सोडून गेला नाही, त्याला मी जिवंतपणी सोडून जाणार होते, एका विषयासाठी. मला माझीच लाज वाटली. संध्याकाळपर्यंत ठरलं. नाही जायचं. कापू बेडूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पऱ्हे काढत होती. रोवणीच्या आधी धानाची रोपं, म्हणजे आमचे पऱ्हे, एका जागी वाढवतात, मग उपटून पेंढ्या बांधतात आणि सगळ्या बांध्यांत रोवतात. मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून तिच्या शेजारी चिखलात उतरले. मजूर बायका यायच्या होत्या, आम्ही दोघीच होतो. मी मूठभर पऱ्हे उपटले, चिखल झटकला आणि सांगून टाकलं, "मी नाई जात वं. झूलॉजी घेते. गोंदियालाच राहते."

"काऊन?" ती वाकलेलीच होती.

"बाबा घर सोडून गेले नाहीत आई. मग मी कशी जाऊ?"

तिचे हात थांबले. ती सरळ झाली, कमरेवर हात ठेवला, आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं जसं पहिल्यांदाच बघतेय.

"गेला थो," ती म्हणाली. "कवाचाच गेला. पिठावर पाय होता. मीनंच पुसला."

 ती पुढे बोलली, अगदी बाजाराचा भाव सांगावा तसं. "मी सकारी तुमच्या सगळ्यायच्या पयले उठली. टोपलं उचलून पायलं. लेकराचा पाय होता, एवढासा. दाराकडं तोंड करून. कोनाच्या तरी घरी पैदा झाला असल थो आतापावतर. दूध पिऊन रायला असल. आन तू त्याच्यासाठी थांबून रायली?"

"मग पुसला कायले?" मी ओरडलेच.

"एकदमच जाऊन रायला होता ना वं," ती म्हणाली, आणि तेवढ्याच एका वाक्यावर तिचा आवाज चिरकला. "चाय बी नाई पेला. मनलं, थांब ना जरासा." मग तिनं नाक पुसलं, गालाला चिखल लागला, आणि पुन्हा वाकली. "जा तू. पऱ्हं म्हातारं झालं का रोवून फायदा नाई, तुया बापच मने."

मी रडले, ती रडली नाही. बायका आल्या, रोवणी सुरू झाली, कोणीतरी गाणं उचललं. पुढच्या सोमवारी मी ऑफिसात जाऊन दाखला काढला. आणि मग ती निघायची सकाळ, ती छपरी, ते "अजी, आयकता का?" आता तुम्हाला कळलं असेल मी का थबकले ते.

पुण्यात पहिल्याच रात्री होस्टेलच्या मेसमध्ये समोरच्या मुलीनं विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी घास हातात धरून बसले. "आई," म्हणाले. मग तोंड उघडं राहिलं आणि पुढचं काही येईना. तिला वाटलं, भात कमी वाढला म्हणून मी नाराज आहे. तशी मी भातावरही नाराज होतेच, वाटीभर भात म्हणजे आमच्याकडे कावळ्याचा घास.

त्या मुली वाईट नव्हत्या. पण मी "काऊन" म्हटलं की हसायच्या, "मी अभ्यास करून राहिली" म्हटलं की एकमेकींना कोपर मारायच्या. "गोंदिया म्हणजे छत्तीसगडमध्ये ना?" एकीनं विचारलं. मी म्हटलं, "हो, आणि पुणं कर्नाटकात." त्यानंतर मला तापट म्हणायला लागल्या, ते खरंच होतं. हळूहळू माझं बोलणं गुळगुळीत झालं. "मले"चं "मला" झालं, "हाव"चं "हो". वर्गात मात्र मी खूश होते, हे सांगायलाच पाहिजे. तिथली लायब्ररी, तिथले सर, कॉम्प्युटरवर आकड्यांचे ढीग आपोआप रांगेत लागताना बघणं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. आणि तरी अभ्यास करताना मागून कोणीतरी घसा खाकरायचं. बाबा पाण्यातून वर आले की खाकरायचे, अगदी तसंच. मी मागे वळायचे नाही. वळलं आणि कोणी नसलं तर काय, आणि असलं तर काय!

आईचा फोन रविवारी. "बरं हाय, तू जेवली का," यापलीकडे काही नाही. पण मधेच ती फोन बाजूला करून कोणाला तरी म्हणायची, "पोरगी हाय." मी विचारायचे, मोठी आई आलीये का? "नाई. कोनी नाई," ती म्हणायची.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा भरते, तेव्हा मी पहिल्यांदा घरी गेले. पाळण्यांचा आवाज येत होता, घरोघरी पाहुणे, रात्रीच्या नाटकाचा भोंगा दुपारपासून बोंबलत होता. मी छपरीत शिरले आणि पहिलं खाटेखाली बघितलं. गडू भरलेला. माझा पारा चढला. मी बॅगही न ठेवता म्हटलं, "तू तर म्हणाली होती, गेले म्हणून!"

"गेलाच होता," आई म्हणाली. "मंग आला वापस."

"असं कुठे असते का?"

"तू गेली, घर खायले उठलं. बलावला मीनं." ती माझ्याकडे बघून हसली. ते हसू थट्टेचं होतं की खरं, मी आजपर्यंत ठरवू शकले नाही. "मोठा बिचारा. आला दूध सोडून."

मीही हसले, पण तो प्रश्न तसाच राहिला. ती दोनदा दोन गोष्टी बोलली होती. त्यातली एक खोटी होती. पिठावर खरंच पाऊल होतं आणि तिनं पुसलं, की पीठ मुळात कोरंच होतं आणि मला घालवण्यासाठी तिनं ते लेकरू, ते दूध, सगळं तिथल्या तिथे चिखलात उभं राहून रचलं? रचलं असेल तर माझं सगळं पुणं एका लबाडीवर उभं होतं. मी न गेलेल्या बापाला सोडून आले होते. वर्षं गेली, डिग्री झाली, नोकरी लागली, मी डॅशबोर्ड बनवू लागले, लोक मला "डेटावाल्या मॅडम" म्हणू लागले. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅब अडकली की माझं मन नेमकं तिथे जाऊन बसायचं, त्या टोपल्याखाली. आईला किती वेळा म्हटलं, पुण्याला चल, फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. "तुया बापाले लिफ्ट जमनार नाई," ती म्हणायची. एकदाही आली नाही.

गेल्या हिवाळ्यात, धान झोडून झाल्यावर, ती गेली. साधा ताप होता. फोनवर "बरं हाय" म्हणाली, आणि मोठ्या आईचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. ती अलीकडे बाबांच्याच खाटेवर झोपायची. तिथेच गेली. मी विमानानं नागपूर आणि तिथून टॅक्सीनं घर गाठलं. आई पांढऱ्या चादरीत इतकी लहान दिसत होती की मी आधी दुसऱ्याच कोणाकडे बघतेय असं वाटलं.

ठरल्या दिवशी मोठ्या आईनं छपरी सारवली, पीठ चाळून पसरलं, दिवा लावला, टोपलं पालथं घातलं. तिचे हात आता थरथरतात. मी म्हटलं, मी करते. "तुयं काम नोये," ती म्हणाली. पोटच्या लेकीनं हात लावायचा नाही.

पहाटे मला जाग आली. बाहेर धुकं होतं, कोंबडे आरवत होते, घरात सगळे गाढ झोपलेले. मी छपरीत गेले. उचलू नये हे मला माहीत होतं. उचललं.

ठसा होता. तीन बोटांचा, बारीक, पाखराचा. एक इकडे, एक पुढे, आणि दोन्ही दाराकडे तोंड करून. मोठ्या आईची कोंबडीची पिल्लं आवारभर फिरतात, टोपल्याची एक कड उसवलेली आहे, पिल्लू आत शिरण्याची शक्यता किती हे मी तुम्हाला कागदावर काढून देऊ शकते. ते सगळं मला त्या क्षणी माहीत होतं. आणि तरी मला एवढंच दिसलं की आई चाललीय, पाठ फिरवून, एकदमच. मी म्हटलं, अगं थांब ना जरा. मोठ्यानं म्हटलं. आणि माझा तळहात पिठावरून फिरला. एकदाच, हलक्या हातानं.

टोपलं परत ठेवताना मला माझ्या ओढणीचं टोक दिसलं. त्याला पीठ लागलं होतं. आणि मला आईचा तो पदर दिसला, खांबाशी उभी असतानाचा, टोकाला पांढरं लागलेला. पिठाला हात लावायचा नव्हता तिनं. सुतकात चूलही पेटली नव्हती आमची, जेवण मोठ्या आईकडून यायचं. मग तिच्या पदराला पीठ कुठून आलं होतं? मी तिथेच खाली बसले. ती खरं बोलली होती, माझी माय. चिखलात उभी राहून खरं बोलली होती. बाबा गेले होते, मला जाता येत होतं, आणि हे सांगायला तिला तिच्याजवळ राहिलेलं सगळं द्यावं लागलं होतं. मी तोंडात ओढणी कोंबून रडले.

उजाडल्यावर सगळे जमले. मोठ्या आईनं टोपलं उचललं, वाकून बघितलं, आणखी वाकून बघितलं. "काईच नाई वं माय," ती म्हणाली. मागच्या बायका कुजबुजल्या. मग मोठ्या आईची नजर माझ्याकडे आली, माझ्या ओढणीवर थांबली. ती जवळ आली आणि तिनं ते टोक झटकलं. "पीठ लागलं," एवढंच म्हणाली.

मोठे बाबा विचारत होते, घराचं काय करायचं, भाड्यानं कोणाला द्यायचं का, कुलूप लावायचं का. मी म्हटलं कुलूप नको, नुसती कडी लावा. खाट हलवू नका. मोठी आई रोज गडू भरते, मी सांगितलंसुद्धा नव्हतं. आता एक नाही, दोन गडू ठेवते.

मागच्या आठवड्यात ऑफिसमध्ये एक नवी मुलगी आली, लातूरकडची. कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसली, अजून बावरलेली होती. डबा उघडला आणि काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

घास माझ्या हातात होता. तो थांबला नाही.

"आई-बाबा असतात," मी म्हटलं. "गावाकडे."